हर-टू रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठ या दवाखान्यांच्या भागात स्तनाच्या कॅन्सरची फाइल घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: 'हर-टू पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?' उत्तर दर वेळी एका शब्दात मिळत नाही आणि घोळ तिथेच होतो.

हर-टू हे पेशीच्या आवरणातलं एन्झाइम, टायरोसिन कायनेज जातीचं. जोडीदार रेणूशी जुळलं की ते फॉस्फेट चिकटवतं आणि पेशीला वाढण्याचा निरोप आत जातो. स्तनाच्या साधारण १५ ते २० टक्के कॅन्सरमध्ये ते प्रमाणाबाहेर असतं, मग निरोप थांबतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक 'टू प्लस'ची. आयएचसी तपासणीत, म्हणजे तुकड्याला रंग देऊन हर-टू किती आहे ते पाहतात त्यात, ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ मात्र अनिर्णित. तिथे फिश तपासणी करून हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजाव्याच लागतात. खर्च वाचवायला ती टाळू नका. पॉझिटिव्ह असूनही कळलं नाही, तर १९९८पासून वापरात असलेलं ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध त्या बाईला मिळणारच नाही. आणि नुसतं 'निगेटिव्ह' लक्षात ठेवून आकडा विसरू नका. आजार पसरला असेल तर १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ असणाऱ्यांसाठीही आता वेगळं औषध आहे.

दुसरी चूक रिपोर्टच्या आधीच घडते. तालुक्याच्या ठिकाणी गाठ काढतात आणि तुकडा सलाइनच्या बाटलीत घालून नागपूरला पाठवतात. तो खराब होतो, मग रिपोर्टवर भरवसा कसा ठेवायचा? तुकडा तासाभराच्या आत दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, तोही तुकड्याच्या दहापट द्रवात. त्यात तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. डब्यावर वेळ लिहिली का, हे ऑपरेशनच्या दिवशीच विचारा. विचारण्यात संकोच कसला!

सेकंड ओपिनियनसाठी लॅबमधून ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घेतलात, तर मे महिन्यात तो बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण आहे, नागपूरच्या उन्हात मऊ पडतं.

आजार उलटला तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. हर-टू बदलू शकतं, म्हणून शक्य असेल तिथे नवा तुकडा तपासतात.

'मुलीलाही होईल का?' ही भीती बहुतेकदा इथे चुकीच्या जागी असते. हर-टूमधला हा बदल गाठीपुरताच असतो. आनुवंशिकतेसाठी बीआरसीए या जनुकांची तपासणी वेगळी.

ट्रास्टुझुमॅब सुरू असताना दर तीन महिन्यांची टूडी-इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चुकवू नका. हृदयावर ताण आला तर औषध काही काळ थांबवता येतं, पण त्यासाठी तो वेळेत दिसायला हवा.