बंद पडलेली राजदूत मोटरसायकल घरी दुरुस्त करताना
वर्षानुवर्षे अंगणात उभ्या असलेल्या राजदूतला पहिल्याच दिवशी किक मारण्याचा मोह आवरावा. आधी स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे आणि मग गाडी टॉप गिअरमध्ये ठेवून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे, म्हणजे चिकटलेला पिस्टन बहुधा रिंगा न मोडता सुटतो. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तारेने टोचू नये. पेट्रोलने धुऊन हवा मारावी. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नये. रंगकामाची घाई मात्र नकोच: पावसाळ्याच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे गेला की फवारा पत्र्यावर बसण्याआधीच सुकतो, त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. नोंदणीची मुदत संपली असल्यास आरटीओतून नूतनीकरण झाल्यावरच गाडी रस्त्यावर काढावी.