ऑस्कर आणायचा तर आधी ड्रम मोजा

ऑस्करसारखा शिकारी मासा घ्यायला गेलं की दुकानदार टाकीचं माप विचारतो. मराठवाड्यात त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: नळाला पाणी किती दिवसांनी येतं? ४ बाय २ बाय २ फुटांच्या टाकीत साधारण ४५० लिटर पाणी मावतं. मांसाहारी माशाच्या खाण्यातून अमोनिया भरपूर सुटतो, त्यामुळे दर आठवड्याला तिसरा हिस्सा, म्हणजे १५० लिटर पाणी बदलावंच लागतं. तेव्हा २०० लिटरचा एक ड्रम निव्वळ माशांच्या नावावर ठेवा. ते जमणार नसेल तर सरळ गप्पी पाळा, त्यात कमीपणा काही नाही.

या मापाला १२ मिमी काच घ्या. पाणी, काच, स्टँड धरून वजन साडेपाचशे किलोच्या वर जातं. माळवदावर ही टाकी चढवूच नका. स्लॅबच्या घरातही भिंतीला लागून, बीमच्या वर ठेवा.

आता मासे. या टाकीत दोन ऑस्कर, बस. किंवा एक ऑस्कर, चार सिल्व्हर डॉलर (चपटे, चंदेरी मासे) आणि तळाला एक सेनेगल बिचिर (लांबट, तळाशी राहणारा मासा). दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर वर्षभरात २५ सेंटीमीटरच्या आसपास जातो. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो आणि उडी मारतो. रेडटेल कॅटफिश त्याहून मोठा होतो. दोन्ही या काचेत कोंबू नका. जो सोबती तोंडात मावतो तो रात्रीत गायब होतो, म्हणून सगळे सारख्या मापाचे आणि शक्यतो एकाच दिवशी सोडा. थाई मागूर हा मांसाहारी मासा पाळायला तर देशात बंदीच आहे.

मासे आणण्याआधी ४ ते ६ आठवडे फिल्टर चालू ठेवून त्यात जिवाणू वाढू द्या. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावरच हे जिवाणू वाढतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) दोन्ही शून्य दिसले की मगच मासे. फिल्टर तासाला किमान २००० लिटर फिरवणारा हवा. बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. ऑस्कर त्याला सरावतो, पण पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो. म्हणून बोअरवाल्यांनी खाद्य हात राखूनच टाकावं. बाष्पीभवनाची तूट भरायला बोअरचं पाणी ओतत राहिलं तर क्षार साठत जातात. तिथे आरओचं शुद्ध पाणी घाला. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत नको, त्यात क्षार आणखी दाट असतात.

नळाच्या पाण्याला १०० लिटरमागे १ ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारे खडे, सोडियम थायोसल्फेट) पुरतो. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास जोरात येत असेल तर २ ग्रॅम.

खरी परीक्षा मे महिन्यात. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी थेट सोडलं तर मासे उलटे होतात. रात्रभर ड्रममध्ये निवलेलं पाणी पहाटे बदला. टाकीतलं पाणी ३२ अंशांवर गेलं की प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडा. आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. लाइट जाते तिथे एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, पाच-सात वॉटचं तर काम. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर दोन-तीन तास थांबला तर आतलं पाणी ओतून मगच सुरू करा, नाहीतर आत सडलेलं सगळं टाकीत येतं. हिवाळ्यात परभणीकडे पारा दहाच्या खाली जातो. ३०० वॉटचा हीटर लावा, पण जाळीच्या कव्हरात. ऑस्कर काचेचा हीटर धडका देऊन फोडतो.

खाद्य म्हणून जिवंत गोल्डफिश टाकायची हौस आवरा. त्यातून रोग येतात, शिवाय त्यातला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. पेलेट (गोळ्यांचं तयार खाद्य) मुख्य ठेवा, आठवड्यातून दोनदा सोललेली कोळंबी द्या आणि एक दिवस उपास. चिकन-मटणाची चरबी माशाला पचत नाही.

मासा आवरेनासा झाला तर दुकानात परत द्या, नाथसागरात (जायकवाडी धरणात) सोडू नका. आठवड्याला निघणारं दीडशे लिटर पाणी मात्र मोरीत घालवू नका. कढीपत्ता, जास्वंद त्यावर माजतात. फक्त औषध किंवा मीठ टाकलेलं असेल त्या वेळचं पाणी झाडांना नको.