फक्त महिलांच्या सर्किट जिममध्ये नव्याने जाताय? या चुका टाळा

आयुष्यात कधी डंबेल हातात न घेतलेल्या बाईला महिलांचं सर्किट जिम झेपेल का? झेपेल. सुरुवातीला इतकी सोयीची जागा क्वचितच सापडते, कारण आत गेल्यावर ‘आता काय करू?’ हा प्रश्नच उरत नाही. मशीनं गोलात मांडलेली असतात, दोन मशीनांच्या मध्ये जागच्या जागी पाय हलवायला एक लवचीक पाट असतो. ठरावीक वेळाने, बऱ्याच ठिकाणी ३० सेकंदांनी, जागा बदलायचा पुकारा होतो आणि सगळ्या जणी एकेक घर पुढे सरकतात. दोन-तीन फेऱ्या, शेवटी स्ट्रेचिंग, अर्ध्या तासात मोकळ्या. कोणी बघतंय का, हे कपडे चालतील का, हे यंत्र नेमकं धरायचं कुठून, यात नवखीची जी निम्मी शक्ती जाते ती इथे वाचते.

कल्पना तशी जुनी आहे. सर्किट ट्रेनिंगची पद्धत १९५३ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. अ‍ॅडमसन यांनी बसवली. फक्त बायकांसाठी, अर्ध्या तासाची, हायड्रॉलिक मशीनांवरची तिची आवृत्ती देशोदेशी पोचवली ती ‘कर्व्हज’ या अमेरिकी जिमसाखळीने. त्यांचं पहिलं केंद्र १९९२ मध्ये टेक्सासमधल्या हार्लिंजनला सुरू झालं. पुढे त्याच धर्तीवर कितीतरी लहानमोठी जिम निघाली.

मग ‘तीन महिने झाले, फरक शून्य’ किंवा ‘दुसऱ्याच आठवड्यात गुडघा धरला’ या तक्रारी येतात कुठून? बहुतेक त्या सोयीतूनच. सगळं आखून दिलेलं असलं की आपण फक्त हजेरी लावायची, असा समज सहज होतो.

मशीनवर पाट्या टाकणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

हायड्रॉलिक मशीनमध्ये लोखंडी वजनं नसतात. एका नळकांड्यात तेल असतं आणि तुम्ही दांडा ढकलला की ते बारीक छिद्रातून पलीकडे जातं. पाण्यात हात हळू फिरवला तर काहीच जाणवत नाही, जोरात फिरवला की पाणी अडवतं, तसंच हे. म्हणजे मशीन जड करणारी बटणं असोत वा नसोत, खरा जडपणा तुमच्या वेगावर ठरतो. एकाच मशीनवर साठीची बाई आणि पंचविशीची मुलगी काहीही न बदलता पाठोपाठ बसू शकतात, ती याच्यामुळे. आणि त्याच मशीनवर अर्धा मिनिट गप्पा मारत दांडा मागेपुढे करून काहीही व्यायाम न होता उठताही येतं, तेही याच्यामुळेच. वजनाच्या मशीनवर आळस केला तर वजन हलत नाही आणि चोरी पकडली जाते. इथे दांडा हलत राहतो.

उपाय साधा आहे: मोजा. छातीच्या मशीनवर ३० सेकंदांत दांडा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे किती वेळा आला, हा एकच आकडा वहीत किंवा फोनमध्ये लिहा. शेवटच्या पाच-सात सेकंदांत हालचाल जड वाटायला हवी. पुकारा झाल्यावरही तुम्ही तशाच आरामात आणखी अर्धा मिनिट ओढू शकत असाल तर वेग कमी होता. पण वेग वाढवायच्या नादात हालचाल अर्धवट सोडू नका. कोपर जेमतेम हलवून काढलेल्या तीस फेऱ्यांपेक्षा पूर्ण हालचालीच्या पंधरा केव्हाही चांगल्या. झटकेही नकोत, एकसारखा जोर हवा. आणि श्वास रोखू नका. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. ढकलताना सोडा, परत येताना घ्या.

काही सर्किटमध्ये हायड्रॉलिकऐवजी वजनाच्या थप्प्या, रबरी बँड किंवा डंबेल असतात. तिथे घाई उलट घातक. उचलणं नेटाने करा, खाली आणणं त्याहून सावकाश.

मागच्या बाईच्या मापाने बसणं

पुकारा झाला, शेजारीण उठली, तुम्ही टेकलात. सीट तिच्याच उंचीवर. एवढ्या घाईत सीट कोण बदलणार? पण पाय सरळ करायच्या मशीनवर तुमचा गुडघा मशीनच्या बिजागरीच्या रेषेत नसेल तर सगळा ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो. छातीच्या मशीनवर मुठी छातीच्या मध्याशी याव्यात. त्या खांद्याएवढ्या वर असतील तर मान आखडते आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. चांगली ट्रेनर जाता जाता म्हणते, ‘‘ताई, खांदे कानाला लावू नका, खाली सोडा,’’ आणि पुढच्या खेपेला तुम्हाला आपोआप आठवतं. पहिल्या दिवशीच प्रत्येक मशीनवरचा आपला सीटचा क्रमांक लिहून घ्या. सीट लावण्यात पाच सेकंद गेले तर जाऊ द्या.

पाटावर उड्या मारणं

दोन मशीनांमधला पाट हृदयाचे ठोके अगदी खाली येऊ नयेत म्हणून असतो. तिथे सगळ्या जणी धावतात म्हणून धावायलाच हवं असं नाही. वजन जास्त असेल, गुडघे कुरकुरत असतील, वर्षानुवर्षं बसून काम असेल तर पहिले काही आठवडे जागच्या जागी चाला, गुडघे जरा वर घ्या, हात हलवा. एवढ्यानेही नवखीला पुरेसा दम लागतो.

आणि एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. उडी मारताना, धावताना, जोर लावताना थेंबभर लघवी गळणं. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात हे खूप जणींना होतं. त्यावर उपाय म्हणून पॅड लावून तेच चालू ठेवणं ही चूक आहे. उड्या बंद करा, ट्रेनरला स्पष्ट सांगा आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला भेटा; ते स्नायू शिकवले की सुधारतात. नुकतंच बाळंतपण झालं असेल आणि पोट आवळताना मधोमध उंचवटा येत असेल तर पोटाच्या मशीनपासूनही तोवर लांब राहा. फक्त बायकांचं जिम असण्याचा खरा फायदा कुठे असेल तर असले प्रश्न मोठ्याने विचारता येण्यात आहे. तो घ्यावा.

भिंतीवरच्या तक्त्यावर आंधळा विश्वास

मधेच सर्किट थांबवून नाडी मोजायला लावतात. भिंतीवर वयाप्रमाणे ठोक्यांचा तक्ता असतो. तो बहुधा २२० वजा वय या हिशोबावर बेतलेला असतो. पन्नाशीच्या बाईचे कमाल ठोके १७० धरायचे आणि त्याच्या अमुक टक्क्यांत राहायचं, असा तो हिशोब. सरासरीला तो ठीक आहे, पण एकाच वयाच्या दोघींमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर तक्ता तुमच्यासाठी कामाचाच नाही. ती गोळी ठोके मुळातच वाढू देत नाही. आकडा गाठायच्या हट्टाने जोर वाढवत नेलात तर धोका.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे बोलणं. छोटं वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. सासरच्या लग्नाची अख्खी हकिगत न थांबता सांगता येत असेल तर व्यायाम होत नाहीये. एकेक शब्द तुटत असेल तर जास्त होतोय.

छातीवर दडपण, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, मळमळ, थंड घाम, चक्कर यातलं काहीही झालं तर फेरी पुरी करायची नाही. थांबायचं, सांगायचं, आणि कमी होत नसेल तर तातडीने वैद्यकीय मदत मागवायची. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत ठळक कळ न येताही येऊ शकतो. म्हणूनच मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच नाव घाला.

पहिल्या आठवड्यात रोज, तिसऱ्या आठवड्यात गायब

आरंभशूरपणा हा जिमचा कायमचा आजार. त्यात हायड्रॉलिक मशीन थोडं फसवतं. व्यायामानंतरचा दुखरेपणा मुख्यतः वजन खाली आणताना, म्हणजे स्नायू ताणला जात असताना रोखून धरावं लागतं त्यामुळे येतो. हायड्रॉलिकवर दोन्ही बाजूंना ढकलणं-ओढणंच असतं, रोखून धरणं जवळजवळ नाहीच. त्यामुळे अंग फारसं ठणकत नाही आणि वाटतं, आपल्याला तर काहीच होत नाही, रोज जाऊ या. पण सांधे आणि स्नायूबंध स्नायूंइतक्या लवकर सरावत नाहीत. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, एवढं पुष्कळ झालं.

जे दुखतं ते कुठलं, हेही ओळखायला शिका. दोन्ही मांड्या सारख्याच जड, एक ते तीन दिवसांत ओसरणारं दुखणं साधं. एकाच सांध्यात, एका बोटाने दाखवता येईल असं टोचणारं, सूज आणणारं किंवा रात्री जागवणारं दुखणं साधं नाही. ते मशीन सोडा आणि दाखवून घ्या.

वजनकाट्याला विचारणं

मध्यम जोराच्या सर्किटला व्यायामाच्या तक्त्यांत ४.३ मेट धरतात, म्हणजे शांत बसताना लागते त्याच्या ४.३ पट ऊर्जा. त्या हिशोबाने ७० किलोच्या बाईचे अर्ध्या तासात साधारण १५० किलोकॅलरी खर्च होतात. आठवड्यातून तीनदा म्हणजे ४५०. खाण्यात काहीच न बदलता एवढ्यावर काटा भराभर खाली येणार नाही, आणि ‘महिन्यात इतके किलो’ असं लिहिलेल्या फलकावर विश्वास ठेवू नये तो याचसाठी. या जिममध्ये आधी बदलतं ते वेगळंच असतं. घरी हात छातीशी दुमडून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते आज मोजा, आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. कमरेचं माप घ्या. त्यात फरक दिसेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगतात. तीन सर्किटं म्हणजे ९० मिनिटं. उरलेली किमान तासाभराची भर भरभर चालून घालावी लागेल. सर्किट केलं म्हणजे दिवसभर बसायला मोकळी, असा हिशोब बऱ्याच जणी करतात, तो चुकतो.

वर्षभर तीच फेरी

नव्या अंगाला पहिले दोन-तीन महिने कुठल्याही व्यायामाने फायदा होतो. त्यानंतर तेच मशीन, तोच वेग, तेवढ्याच फेऱ्या असतील तर शरीर आहे तिथेच राहतं. शिवाय हायड्रॉलिक सर्किटमध्ये एक मोठी उणीव आहे: खाली आणताना रोखून धरायचा सराव. जिना उतरणं, खाली बसणं, हातातलं जड सामान सावकाश ठेवणं, ही कामं त्याच ताकदीवर चालतात. गुडघेदुखीवाल्या बायकांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त भीती वाटते, हे पाहिलंच असेल. मग भर घाला: खुर्चीवर चार मोजत सावकाश बसणं, पायरीवरून हळू पाऊल खाली टाकणं, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहणं. हाडांनाही मजबूत राहायला शरीराचं आणि हातातल्या वजनाचं ओझं लागतं. बसून केलेल्या मशीनांवर ते फार कमी पडतं. पाळी गेलेल्या बायकांनी तर चार-सहा महिन्यांत डंबेल शिकून घ्यावेत, योग्य माणसाकडून. त्या जिममध्ये शिकवणारं कोणी नसेल तर तिथला मुक्काम संपत आला असं समजा. मोठ्या जिममध्ये जायचं धाडस इथूनच येतं, असं माझं मत आहे.

पाटी बघून पैसे भरणं

दारावर ‘फक्त महिलांसाठी’ लिहिलंय म्हणजे आत शिकलेली ट्रेनर आहे असं नव्हे. एक फेरी फुकट करू देतात का विचारा, आणि ती तुम्ही रोज जाणार त्याच वेळेला करा. दुपारी रिकामं असलेलं वर्तुळ संध्याकाळी भरलेलं असतं, आणि मशीन मोकळं व्हायची वाट बघत उभं राहिलं की सर्किटचा अर्थच जातो. नाव घालण्याआधी तब्येतीची चौकशी करतात का? त्या वेळेला ट्रेनर वर्तुळात असते की काउंटरवर? आजारपणात मेंबरशिप थांबवता येते का? ही उत्तरं मिळाल्याशिवाय वर्षाचे पैसे एकदम भरू नका.

कोणाला हे मानवणार नाही? जिला दुसऱ्याच्या पुकाऱ्यावर हलायचा कंटाळा येतो, जिला जड वजन उचलायचंच आहे, किंवा जिचा गुडघा-कंबर आधीच उपचारांत आहे आणि जिला एकटीकडे लक्ष देणारं कोणी हवं आहे, तिने दुसरीकडे बघावं. बाकीच्यांनी आठ आठवडे वही लिहावी. त्यात छातीच्या मशीनवरचा आकडा आणि खुर्चीतून उठण्याचा आकडा, दोन्ही जागचे हलले नसतील तर वही ट्रेनरपुढे ठेवा. ती वेग, बसणं, हालचाल तपासून काहीतरी बदलून देईल. नुसतं ‘येत राहा, होईल’ एवढंच म्हणाली, तर जिम बदला.