चेनच्या मेडिकलमधून औषधं घेताना: बदली गोळी, सुट्या गोळ्या, बिल आणि तक्रार

नाशिकमध्ये कॉलेज रोड असो, इंदिरानगर असो की नाशिक रोड, चेनच्या मेडिकलमध्ये महिन्याच्या गोळ्या आणायला गेलं की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘हा ब्रँड नाही, सेम कंटेंटचं देऊ का?’ ‘पूर्ण स्ट्रिप घ्यावी लागेल.’ ‘मोबाईल नंबर सांगा.’ यावर काउंटरवरच्या मुलाशी हुज्जत घालून फारसं काही निघत नाही. सूट किती द्यायची, माल कधी मागवायचा, परत काय घ्यायचं, हे त्याच्यासमोरचा कॉम्प्युटर ठरवतो. तुमच्या हातात दोन कागद असतात: डॉक्टरची चिठ्ठी आणि बिल. हे दोन्ही नीट असले की निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत.

सुरुवात चिठ्ठीपासून. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची सरकारी यादी. तिच्यातल्या औषधांची चिठ्ठी, डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर, कायद्याने एकदाच वापरता येते. गेल्या महिन्याची चिठ्ठी दाखवल्यावर ‘सिस्टीम घेत नाही’ असं उत्तर मिळतं, त्याच्या मागे हे कारण असतं. तेव्हा बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर दवाखान्यातून उठण्याआधीच ‘दरमहा, ३ महिने’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या. तारीख आणि सही आहे ना, तेही बघा. औषध दिल्यावर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर टाकणं हे फार्मसिस्टचं काम आहे. चेनवाले बऱ्याचदा चिठ्ठी नुसती स्कॅन करतात. शिक्का मागून घ्या.

‘परवा येईल’ हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. चेनचा माल सहसा कंपनीच्या स्वतःच्या गोदामातून ठरलेल्या दिवशी येतो आणि मॅनेजरला बाहेरून खरेदीची मुभा क्वचितच असते. शेजारचं एकट्या मालकाचं मेडिकल मात्र गोळे कॉलनीतल्या स्टॉकिस्टला फोन लावून तीच गोळी बहुधा त्याच दिवशी आणून देतं. नाशिकचा औषधांचा होलसेल बाजार तिथेच आहे. त्यामुळे डब्यात आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की चेनमध्ये यादी द्या आणि दोन दिवसांत आली नाही तर छोट्या मेडिकलकडे वळा. शेवटची गोळी संपल्यावर रात्री साडेनऊला गेलात तर समोर येईल ती बदली गोळी घ्यावी लागते.

बदली गोळी

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. औषध नियमांतला नियम ६५ स्पष्ट आहे: शेड्यूल एच, किंवा त्याहून कडक असलेल्या एच१ आणि एक्स या याद्यांमधलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या जागी दुसरं उत्पादन देता येत नाही, घटक तोच असला तरीही. म्हणजे ‘कंपनी वेगळी, कंटेंट सेम’ हे औषधशास्त्र म्हणून बरोबर असेलही, पण तो निर्णय काउंटरचा नाही. डॉक्टरला फोन करा, होकार मिळाला तर चिठ्ठीवर नवं नाव लिहून घ्या. दवाखाना बंद असेल तर निदान मेसेजवर तरी होकार घ्या. डॉक्टरने मुळात घटकाचंच नाव लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. मग जनऔषधी केंद्रातूनही घेता येतं, आणि तिथे पैसेही बरेच वाचतात.

बदली गोळीचा एवढा आग्रह का, हे एका हिशोबात कळतं. सरकारने कमाल दर ठरवलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन खरेदी किमतीच्या १६ टक्के धरलेलं असतं. १०० रुपयांना आलेलं पाकीट कर सोडून ११६ ला विकायचं. त्यावर २० टक्के सूट दिली तर हातात ९२ रुपये ८० पैसे येतात. एवढी सूट घाऊक भावात घेतलेल्या मालावर किंवा चेनच्या स्वतःच्या ब्रँडवरच परवडते. फलकावर ‘२० टक्क्यांपर्यंत’ लिहिलेलं असतं. त्यातलं ‘पर्यंत’ वाचायचं.

गोळी बदलून घेतलीच तर नावापुढची शेपटी अक्षर अक्षर ताडून बघा. उदाहरण टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीचं. चिठ्ठीवर ‘४० एच’ आहे आणि हातात नुसती ‘४०’ आली, तर तिच्यासोबत असणारी हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची १२.५ मिलिग्रॅमची मात्रा गळाली. ‘४० एएम’ आली तर तिच्याऐवजी ५ मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं दुसरंच औषध पोटात जाणार. खोकी जवळपास सारखी, आकडा तोच, कॉम्प्युटरच्या यादीत ही नावं एकाखाली एक. घाईत बोट एक ओळ खाली गेलं की झालं. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर यांचंही तसंच. एसआरमधलं औषध हळूहळू सुटतं, साध्या गोळीतलं लगेच. मेटोप्रोलॉलच्या पाकिटावर ‘सक्सिनेट’ की ‘टार्ट्रेट’ ते वाचा, दोन्हीचं वेळापत्रक वेगळं असतं. फिटच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांचा ब्रँड मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलूच नका.

सुट्या गोळ्या

स्ट्रिप कापून द्यायला दुकान कुरकुर करतं, कारण उरलेला तुकडा कुणी घेत नाही आणि कंपनीही परत घेत नाही. पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स असेल तर दहाच्या दहा गोळ्या गळ्यात मारून घेऊ नका. शांतपणे मॅनेजरला विचारलं तर बहुतेक ठिकाणी कापून देतात. सुट्या गोळीचा दर पूर्ण स्ट्रिपच्या हिशोबापेक्षा जास्त लावता येत नाही. १५ गोळ्यांची एमआरपी १८७ रुपये ५० पैसे असेल तर एक गोळी साडेबाराला, चार गोळ्या ५० रुपयांना. बिलात ‘नग १’ म्हणजे एक स्ट्रिप की एक गोळी, हेही तिथेच विचारा.

कापताना एक गोष्ट हमखास होते. बॅच नंबर आणि एक्सपायरी अनेकदा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असते. दुकान ते टोक स्वतःकडे ठेवतं आणि तुम्हाला कोरा तुकडा मिळतो. कात्री लागण्याआधी पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढा. एक्सपायरी ‘०५/२०२७’ असेल तर ते औषध ३१ मेपर्यंत चालतं. डब्यात अशा तुकड्यांची गर्दी झाली की कुठला कशाचा ते घरात कुणालाच सांगता येत नाही, आणि आजीच्या डब्यात तर नाहीच.

बिल काउंटरवरच वाचा

नाव, मात्रा, बॅच, एक्सपायरी, नग, एमआरपी आणि प्रत्यक्ष दर, एवढं बिलावर हवं. बॅच पाकिटाशी जुळते ना, ते बघायला दहा सेकंद लागतात. न जुळणारी बॅच म्हणजे बिल एका मालाचं आणि हातात दुसराच. नंतर परत करायला गेलात तर ‘हे आमचं नाही’ म्हणायला त्यांना वाट मोकळी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या एमआरपीचं पाकीट अजूनही हाती येऊ शकतं, पण दर नवा लागायला हवा. छापील ११२ चे १०५ होतात आणि सूट त्या १०५ वर मिळायला हवी. ११२ वर ‘सहा टक्के डिस्काउंट’ देऊन कुणी उपकार केल्याचा आव आणत असेल तर ती निव्वळ करातली कपात आहे. सध्याचा दर ‘फार्मा सही दाम’ या अ‍ॅपवर ताडून बघता येतो.

मोबाईल नंबर द्यायचा नसेल तर देऊ नका. नंबराशिवाय बिल अडवू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळवलं आहे. ‘सिस्टीम पुढे जात नाही’ म्हणाले तर मॅनेजरला बोलवा. बहुतेक वेळा सिस्टीम पुढे जाते. पॉइंट्स हवे असतील तर नंबर द्या, तो सौदा तुमचा. यूपीआयचे पैसे कापले गेले आणि दुकानाला पोचले नाहीत तर दुसऱ्यांदा देण्याआधी बँकेचा मेसेज जपून ठेवा. व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेकडून मिळते.

इन्सुलिन सगळ्यात शेवटी, फ्रीजमधून काढून घ्या. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एप्रिल-मेच्या दुपारी ते डिकीत टाकून पाथर्डी फाट्यापर्यंत नेऊ नका. आइस पॅक मागा, पण पेन थेट बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. घरपोच आलं आणि पॅक कोमट असेल तर ओटीपी देण्याआधीच परत पाठवा.

तक्रार कुठे

चुकीचं औषध आलं असेल तर त्याच दिवशी, पाकीट न फोडता, बिल घेऊन मॅनेजरकडे जा. पाकीट देण्याआधी फोटो काढा. तोंडी बोलणं झालं तरी कस्टमर केअरला ई-मेल करून तक्रार क्रमांक घ्या. ऑनलाइन ऑर्डर असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो.

पुढची वाट तक्रारीवर ठरते, आणि लोक इथे चुकतात. पैशाची, परताव्याची, बिलाची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. औषधाचीच असेल, म्हणजे फार्मसिस्ट नसताना विक्री, बदली गोळी, मुदत संपलेला माल, तर अन्न व औषध प्रशासन (एफडीए), टोल-फ्री १८००-२२२-३६५. त्यांचं नाशिक विभागाचं कार्यालय शहरातच आहे. एफडीए दुकान तपासते, परवान्यावर कारवाई करते, पण तुमचे पैसे परत मिळवून देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो की हैदराबादेत, फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ‘ई-जागृती’वर ऑनलाइन होतो. मुदत दोन वर्षांची. मात्र थर्मल कागदावरच्या बिलाची शाई काही महिन्यांतच उडते, म्हणून बिलाचा फोटो घेतल्या दिवशीच काढून ठेवा.