आफ्रिका वाचायला घेताना: कोणतं पुस्तक आधी, कोणतं नंतर

पन्हाळ्याला १६६० साली वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर कोल्हापुरात कुणाला नव्याने सांगावा लागत नाही. आदिलशाहीतला हा हबशी सरदार आफ्रिकी वंशाचा होता. आफ्रिकेवरचं वाचन याच ओळखीच्या टोकापासून सुरू केलेलं बरं. रिचर्ड ईटन यांच्या ‘अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन’ (२००५) या पुस्तकात आठ माणसांच्या आयुष्यांतून दख्खनचा इतिहास सांगितला आहे. त्यातलं मलिक अंबरवरचं एकच प्रकरण आधी वाचा. इथिओपियात जन्मलेला मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, दख्खनेत पोचतो आणि १६२६ साली मरेपर्यंत निजामशाही चालवतो. हे कसं घडलं ते कळलं की हिंदी महासागराच्या दोन्ही काठांचा व्यवहार समजतो आणि पुढची पुस्तकं परकी वाटत नाहीत.

बहुतेकांची गाडी अडते ती ‘संपूर्ण आफ्रिका’ छापाच्या जाडजूड ग्रंथापाशी. जॉन रीडर यांचं ‘आफ्रिका: अ बायोग्राफी ऑफ द कॉन्टिनेंट’ (१९९७) उत्तम आहे, पण ते खडक आणि आदिमानवापासून सुरू होतं. राज्यं, बाजारपेठा, माणसांची नावं येईपर्यंत उत्साह संपतो. मार्टिन मेरेडिथ यांचं ‘द स्टेट ऑफ आफ्रिका’ (२००५) वेगाने वाचून होतं, मात्र ते स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांचं पुस्तक आहे. तेच पहिलं वाचलं तर बंडं, हुकूमशहा आणि दुष्काळ एवढंच डोक्यात राहतं. दोन्ही शेवटी ठेवा. आधी एक प्रदेश निवडा आणि त्यावर एक कादंबरी व एक इतिहासाचं पुस्तक अशी जोडी लावा. नुसत्या इतिहासात माणसं दिसत नाहीत, आणि नुसत्या कादंबरीत सालं लागत नाहीत.

नकाशा हवाच. एका मोठ्या कागदावर खंडाची नुसती बाह्यरेषा काढा आणि नाईल, नायजर, काँगो, झांबेझी या चार नद्या भरा. देशांच्या सीमा नंतर. त्यांतल्या पुष्कळशा १८८४-८५च्या बर्लिन परिषदेनंतरच्या तीसेक वर्षांत युरोपीय सत्तांनी आखल्या, नद्या मात्र प्रत्येक काळात उपयोगी पडतात. शाळेच्या भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, त्यावर विसंबू नका. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आणि भारताच्या नऊपट आहे.

त्याच कागदाच्या कडेला जुनी-नवी नावं लिहून ठेवा, नाहीतर जुन्या पुस्तकांत हमखास घोटाळा होतो. गोल्ड कोस्टचं घाना झालं १९५७ला. टांगानिका आणि झांझिबार मिळून टांझानिया, आणि न्यासालँडचं मलावी, दोन्ही १९६४. दाहोमीचं बेनिन १९७५, ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे १९८०, अपर व्होल्टाचं बुर्किना फासो १९८४, स्वाझिलँडचं एस्वातिनी २०१८. काँगो (लोकशाही प्रजासत्ताक) तर १९७१ ते १९९७ झैरे होतं. मराठी विश्वकोश आंतरजालावर फुकट आहे आणि भूगोलासाठी चांगला आहे, पण त्यातल्या जुन्या नोंदी वाचताना ही यादी शेजारी असू द्या.

पुस्तकं शोधताना एक खाच लक्षात ठेवा. करवीर नगर वाचन मंदिर असो की शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय, नुसतं ‘आफ्रिका’ म्हणून शोधलं की निम्मंच सापडतं. ड्यूई वर्गीकरण (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत) असेल तिथे आफ्रिकेचा इतिहास ९६० ते ९६९मध्ये असतो: इजिप्त-सुदान ९६२, इथिओपिया ९६३, पश्चिम आफ्रिका ९६६, मध्य आणि पूर्व ९६७, दक्षिण ९६८. कादंबऱ्या या कपाटात नसतात. मूळ इंग्रजीतल्या बहुधा ८२३ला, इंग्लंडमधल्या लेखकांच्या रांगेत बसवलेल्या असतात. म्हणून लेखकाच्या आडनावाने शोधा, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी. विद्यापीठात बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत ते जाण्याआधी विचारून घ्या.

आता जोड्या. पश्चिम आफ्रिकेवर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण चांगली आणि वाचनीय पुस्तकं तिथे भरपूर आहेत. पहिलं ‘सुंदियाता’. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या राजाची ही गाथा, ग्रिओ म्हणजे वंशपरंपरेने इतिहास मुखोद्गत ठेवणाऱ्या गायकाकडून ऐकून इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी १९६० साली फ्रेंचमध्ये लिहिली. इंग्रजी अनुवाद शंभरेक पानांचा आहे, दोन बैठकींत होतो. शाहिराच्या पोवाड्यातून जेवढा इतिहास घ्यावा तेवढाच यातूनही घ्यावा. याची जोडी युनेस्कोच्या ‘जनरल हिस्टरी ऑफ आफ्रिका’चा चौथा खंड, बारावं ते सोळावं शतक. त्याचे संपादकही नियानच. मूळ आठही खंड युनेस्कोच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. पण एकेक खंड सातआठशे पानांच्या घरातला, तेव्हा सलग वाचायला बसू नका. हवं ते प्रकरण काढून वाचा.

मग चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८), नायजेरियातल्या इग्बो समाजाची कथा. इथे वाचक कुठे थांबतात ते ठरलेलं आहे. पहिल्या तेरा प्रकरणांत ‘काहीच घडत नाही’ अशी तक्रार येते. वास्तविक तोच पुस्तकाचा गाभा. याम कंदाची लागवड (आपल्या कोनफळाच्या कुळातलं पीक), पंचांचा निवाडा, लग्नाची देवघेव, बाजाराच्या दिवसांभोवती फिरणारं कालगणन, हे सगळं नीट बसलं की पुढच्या बारा प्रकरणांत मिशनरी आणि इंग्रज अंमलदार आल्यावर नेमकं काय मोडतं ते कळतं. इग्बो शब्दांचे अर्थ बऱ्याच आवृत्त्यांत शेवटी असतात, तिथे खूण घालून ठेवा. रोज वीस पानं वाचली तर दहा दिवस पुरतात. त्यानंतर चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘हाफ ऑफ अ यलो सन’ (२००६) घ्या, नायजेरियातल्या १९६७ ते १९७०च्या बियाफ्रा यादवी युद्धावरची. तिचे चार भाग साठच्या दशकाची सुरुवात आणि अखेर असे आलटून-पालटून येतात. भागाच्या मथळ्याकडे दुर्लक्ष केलं की कोण कधी रुसलं याचा पत्ता लागत नाही.

पूर्व किनाऱ्यासाठी अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘पॅराडाइज’ (१९९४). बापाच्या कर्जापोटी व्यापाऱ्याच्या हवाली केलेला मुलगा, किनाऱ्यावरून आत जाणारे तांडे, अरब, स्वाहिली आणि हिंदी व्यापारी, आणि मागून येणारे जर्मन. गुर्नांना २०२१चं नोबेल मिळालं, त्यामुळे प्रत मिळणं सोपं झालं आहे. केनियासाठी न्गुगी वा थिओंगो यांची ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ (१९६७). कथा डिसेंबर १९६३च्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपासची, पण सारखी इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या वर्षांत मागे जाते. मुगो, गिकोन्यो, मुंबी, करांजा, किहिका ही पाच नावं आणि त्यांची नाती पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहा. हिंदी माणसांची बाजू हवी तर एम. जी. वासनजी यांची ‘द इन-बिट्वीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल’ (२००३). ती वाचण्याआधी एवढं माहीत असावं की १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेले होते.

काँगोवर एकच पुस्तक सांगायचं तर अॅडम होक्सचाइल्ड यांचं ‘किंग लिओपोल्ड्स घोस्ट’ (१९९८). बेल्जियमच्या राजाने स्वतः कधीही पाय न ठेवलेल्या मुलखातून रबर कसं ओरबाडलं याची ही हकीकत. मृतांच्या आकड्यावर वाद घालत बसू नका. त्या काळी तिथे जनगणनाच नव्हती, सगळे अंदाज आहेत. कमतरता दुसरीच आहे: कागदपत्रं युरोपीयांची, त्यामुळे बोलतात तेच जास्त.

दक्षिणेकडे मराठी वाचक गांधीजींच्या ‘दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाचा इतिहास’ या पुस्तकातून जातो. जरूर वाचा, पण तो हिंदी लोकांच्या लढ्याचा वृत्तांत आहे. तिथला मूळ आफ्रिकी माणूस त्यात कडेला उभा आहे. त्याच काळातला त्याचा आवाज सोल प्लाटजे यांच्या ‘नेटिव्ह लाइफ इन साउथ आफ्रिका’ (१९१६) मध्ये मिळतो. १९१३च्या जमीन कायद्याने काळ्या शेतकऱ्यांना जेमतेम सात टक्के जमिनीत कोंडलं, तेव्हा गुरं घेऊन रस्त्यावर आलेल्या कुटुंबांना भेटून त्यांनी हे लिहिलं. पुस्तक जुनं असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहे. मंडेलांचं ‘लाँग वॉक टू फ्रीडम’ (१९९४) त्यानंतर घ्या, आणि बालपणाचा भाग गाळू नका. खोसा समाजातल्या सभा आणि संस्कार तिथेच आहेत.

उत्तरेसाठी तूर्त तायेब सालिह यांची सुदानी कादंबरी ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’ (१९६६) पुरे. इजिप्त हा वेगळा, मोठा मामला आहे.

खर्चाचं म्हणाल तर भिशी लावा. आठ जणांनी महिन्याला शंभर-शंभर काढले की कागदी बांधणीची एक-दोन पुस्तकं येतात. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पंधरा दिवसांत वाचून पुढे द्यायचं. रस्त्यावरची स्वस्त प्रत घेताना मात्र नकाशे, शेवटची शब्दसूची आणि पानांचा क्रम तिथेच उभ्याने तपासा. मंडेला आणि अदिची यांच्या नकली प्रती पुष्कळ फिरतात, आणि सोळा-सोळा पानांचा एखादा फर्मा गायब असल्याचं निम्मं पुस्तक झाल्यावर लक्षात येतं.