दोन अक्षरांचा ‘बाय’ आणि त्यातल्या हमखास चुका

एकदा मी एका ग्राहकाला ईमेल लिहिली होती: ‘आय विल सेंड द ट्रान्स्लेशन टिल फ्रायडे.’ मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत भाषांतर पाठवतो. पलीकडून विचारणा आली, म्हणजे शुक्रवार येईपर्यंत रोज थोडंथोडं पाठवणार का? आधी वाटलं, बाई जरा खवचट दिसते. मग स्वतःचंच वाक्य पुन्हा वाचलं. तिने अगदी बरोबर वाचलं होतं. मला तिथे ‘टिल’ नव्हे, ‘बाय’ हवा होता.

बी-वाय या स्पेलिंगच्या ‘बाय’चे शब्दकोशात दोन ठळक अर्थ सापडतात, ‘ने’ आणि ‘पर्यंत’. आपण तेवढे पाठ करतो आणि पुढच्या चुका बहुतेक त्यातूनच होतात. कारण मराठीतले ‘ने’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही बहुउद्योगी आहेत, आणि त्यांची सगळी कामं इंग्रजीतला ‘बाय’ करत नाही.

‘पर्यंत’चा घोळ

‘शुक्रवारपर्यंत थांब’ आणि ‘शुक्रवारपर्यंत दे’. पहिल्या वाक्यातलं थांबणं शुक्रवार येईतोवर अखंड चालू आहे. दुसऱ्यातलं देणं एकदाच घडायचंय. आज, उद्या, कधीही, फक्त शुक्रवार उलटता कामा नये. मराठीत क्रियापदावरूनच हा फरक कळतो, त्यामुळे तो आपल्याला जाणवतसुद्धा नाही. इंग्रजीत मात्र शब्दच वेगळे आहेत. चालू राहणाऱ्या क्रियेला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’, एकदा उरकायच्या क्रियेला ‘बाय’.

अडलात तर वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी दे’ हे बसतं, म्हणून ‘गिव्ह इट बाय फ्रायडे’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांब’ याला काही अर्थ नाही, म्हणून ‘वेट टिल फ्रायडे’. ही युक्ती मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

नकार आला की गुंता वाढतो. ‘शुक्रवारपर्यंत होणार नाही’ याचे मराठीतच दोन अर्थ निघतात. ‘इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार ही मुदत पाळता येणार नाही, पुढे कधी होईल ते सांगितलेलं नाही. ‘इट वोन्ट बी रेडी अनटिल फ्रायडे’ म्हणजे त्याआधी मागू नका, शुक्रवारी मिळेल. पहिलं वाक्य वाईट बातमी आहे, दुसरं जवळपास आश्वासन. कामाच्या ईमेलमध्ये हे दोन उलटसुलट झाले तर काय होईल ते सांगायला नको.

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही? सर्वसाधारणपणे धरतात. पण शुक्रवारी सकाळी की रात्री, यावरून माणसं भांडतात. मुदत तुम्हीच देत असाल तर तासासकट लिहा: ‘बाय फाइव्ह पी.एम. ऑन फ्रायडे’. वाद मिटला.

आणखी एक. ‘बाय द टाइम’ने सुरू होणाऱ्या भूतकाळी वाक्यात, आधीच उरकलेल्या गोष्टीला बहुधा ‘हॅड’ लागतो. ‘बाय द टाइम वी रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’: आम्ही पोचेपर्यंत गाडी सुटली होती. इथे ‘टिल वी रीच्ड, द ट्रेन लेफ्ट’ लिहिलं, तर आमची वाट बघत गाडी पुन्हापुन्हा सुटत होती, असं काहीतरी विचित्र चित्र उभं राहतं.

तृतीयेचा ‘ने’

‘दगडाने काच फुटली.’ साधं वाक्य. इंग्रजीत नेताना मात्र थांबावं लागतं. ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन’ म्हटलं तर दगडच कर्ता झाला. चाकाखालून उडाला असेल, वरून गडगडत आला असेल. ‘द विंडो वॉज ब्रोकन विथ अ स्टोन’ म्हटलं की दगडामागे एक हात दिसू लागतो. वाक्यात माणसाचं नाव नाही, तरी तो तिथे आहे. म्हणून ‘आय कट इट बाय अ नाइफ’ चुकीचं. कापणारे तुम्ही, सुरी हत्यार, आणि हत्याराला ‘विथ’.

प्रवासातही ‘ने’ फसवतो. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘बाय कार’ बरोबर, पण वाहनाचं नाव उघडंबोडकं असेल तेव्हाच. त्याच्या आधी ‘माय’, ‘द’, ‘अ’ असं काही आलं की ‘बाय’ जातो: ‘इन माय कार’, ‘ऑन द लास्ट बस’. ‘बाय माय कार’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्याहून लाडकं म्हणजे ‘आय केम बाय वॉक’. चालत येणं हे वाहन नाही. ‘आय वॉक्ड’ म्हणा, नाहीतर ‘ऑन फुट’. पैसे देतानाही अशीच एक खोच आहे: ‘बाय कार्ड’, ‘बाय चेक’, पण ‘इन कॅश’. याचं कारण शोधत बसू नका, पाठ करा.

पाठ करण्यावरून आठवलं, ‘आय बायहार्टेड द पोएम’ असं क्रियापद इंग्रजीत नाही. ‘लर्न बाय हार्ट’ असा तो वाक्प्रचार आहे. ‘बायहार्ट केलं’ हे आपण मराठीत खुशाल म्हणावं, तिथे कुणाची हरकत नाही. तसंच ‘बाय मिस्टेक’मध्ये ‘माय’ घुसवू नका. चूक तुमचीच आहे हे समोरच्याला कळतं.

आकड्यांतला ‘बाय’

इथली चूक महागात पडते. पाण्याची पातळी ४० सेंटिमीटरवरून ६० वर गेली, तर ती ‘बाय ट्वेंटी’ वाढली. ‘बाय’ म्हणजे कितीने, ‘टू’ म्हणजे किती झाली. ‘बाय सिक्स्टी’ लिहिलंत तर वाचणारा पातळी १०० धरेल. टक्केवारीत आणखी एक खड्डा आहे. दर ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला, तर तो ३ टक्क्यांनी नव्हे, ६० टक्क्यांनी वाढला. ३ हा आकडाच सांगायचा असेल तर ‘बाय थ्री परसेंटेज पॉइंट्स’ असं लिहावं लागतं.

शाळेत आपण पाऊण हा अपूर्णांक ‘थ्री बाय फोर’ असा वाचायला शिकलो. तेच आपण खोली ‘दहा बाय बारा’ असंही म्हणतो. म्हणजे एकाच ‘बाय’ने एकदा भागाकार आणि एकदा लांबी-रुंदी! बाहेरच्या इंग्रजी कानाला फक्त दुसरा अर्थ ऐकू येतो, त्याला ‘थ्री बाय फोर’ म्हणजे तीन लांब, चार रुंद वाटतं. अपूर्णांकाला ‘थ्री क्वॉर्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’ म्हणा. ‘डिव्हायडेड बाय’ पूर्ण म्हटलंत तरी चालेल. नुसता ‘बाय’ तेवढा नको.

मूळचा अर्थ ‘जवळ’

‘शी इज स्टँडिंग बाय द डोअर’ इथे ना ‘ने’ चालतो, ना ‘पर्यंत’. ती दाराजवळ उभी आहे, इतकंच. गंमत म्हणजे हाच ‘बाय’चा जुना अर्थ. ‘बिसाइड’ आणि ‘बिलो’मधला ‘बि’ म्हणजे हाच ‘बाय’, आणि ‘बिकॉज’ तर सरळ ‘बाय कॉज’चा जोड आहे. जवळून जाणारा तो ‘पासर-बाय’, हाताशी तयार उभा तो ‘स्टँडबाय’. ‘बाय हरसेल्फ’चंही तसंच बघता येतं: स्वतःच्याच जवळ, म्हणजे एकटी. म्हणून ‘शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ’ म्हणजे ती एकटी राहते. पण ‘मी स्वतः त्यांना भेटलो’ याला ‘आय मेट देम बाय मायसेल्फ’ लिहू नका, त्याचा अर्थ मी एकटाच गेलो होतो असा होईल. ‘आय मेट देम मायसेल्फ’ पुरे.

राहिलं स्पेलिंग. देवनागरीत तिन्ही ‘बाय’ सारखेच दिसतात, म्हणून घाईत हात चुकतो. खरेदीच्या ‘बाय’ला मध्ये यू, निरोपाच्या ‘बाय’ला शेवटी ई, बाकी सगळीकडे नुसतं बी-वाय. निरोपाच्या ‘बाय’चं या शब्दाशी नातंही नाही, तो ‘गॉड बी विथ यू’ झिजत झिजत झालेल्या ‘गुडबाय’चा शेपटा. स्पेलिंग तपासणारं यंत्र यातली एकही चूक हमखास दाखवेल असं नाही, कारण त्याच्या लेखी तिन्ही शब्द बरोबरच असतात.