मेलबर्नमध्ये रिमूव्हलिस्टचं काम सुरू करताय? आधी हे वाचा

टारनीट, ट्रुगनिना साइडला शेअरिंगमध्ये राहणारी आपली नवीन मुलं पहिल्याच महिन्यात विचारतात की घरसामान शिफ्टिंगचं, म्हणजे रिमूव्हलिस्टचं काम मिळेल का, फार जड असतं का. मिळतं. सीक किंवा गमट्री या वेबसाइटवर 'रिमूव्हलिस्ट ऑफसाइडर' टाकून शोधा, म्हणजे ट्रकवरचा दुसरा माणूस, त्याला लायसन्स नसलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं. महिनाअखेरीला आणि डिसेंबर-जानेवारीत घरं बदलणाऱ्यांची गर्दी असते, कंपन्यांना माणसं कमी पडतात, त्याच्या थोडं आधी सरळ फोन करा.

उचलायला जायच्या आधी कागदं. टीएफएन, म्हणजे टॅक्स फाइल नंबर, एटीओच्या (इथल्या टॅक्स ऑफिसच्या) साइटवर फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. काही जण म्हणतील एबीएन (स्वतःचा धंदा करणाऱ्याचा नंबर) काढ आणि उद्यापासून ये. पण ट्रक त्यांचा, वेळ ते ठरवणार, गिऱ्हाईक त्यांचं, तर तुम्ही कामगार आहात, कॉन्ट्रॅक्टर नाही, आणि एबीएनवर घातलं की तुमचं सुपर (मालकाने भरायचा निवृत्ती फंड) आणि बाकीचे हक्क बुडवायला त्यांना सोपं जातं. जुलै २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअल (तासांची हमी नसलेले) असाल तर त्यावर २५ टक्के जास्त, वर १२ टक्के सुपर, जे व्हिसा संपवून कायमचं परत गेल्यावर टॅक्स कापून क्लेम करता येतं. स्टुडंट व्हिसावर कोर्स चालू असताना पंधरवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम करता येतं, आणि कॅशचे, एबीएनचे तासही त्यातच धरले जातात. पेस्लिप मागायला लाजू नका. आपल्याकडे अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभं राहून माथाडी कामगारांनी १९६९ चा कायदा मिळवला, ओझं वाहणाऱ्यालासुद्धा प्रॉव्हिडंट फंड आणि रजा असावी म्हणून, त्याच मातीतल्या पोरांनी इथे येऊन कमी पैशात गुपचूप राबावं हे मला अजिबात पटत नाही.

आता काम. ताकदीपेक्षा डोकं जास्त लागतं. पोचल्यावर लगेच हात लावू नका, आधी हातात काही न घेता दारापासून ट्रकपर्यंत चालून बघा, कुठे पायरी आहे, कुठे वळण, दार किती रुंद. फिट्झरॉय, कार्लटनच्या एकमेकांना चिकटलेल्या जुन्या टेरेस घरांत जिने इतके अरुंद की सोफा उभा करून, पाय काढून फिरवावा लागतो, म्हणून एल-कीचा सेट आणि स्क्रूड्रायव्हर खिशातच ठेवा. जिन्यावर वजन खालच्या माणसावर येतं, तिथे अनुभवी माणूस हवा, आणि कोण थांबा म्हणणार ते उचलायच्या आधीच ठरवा. फ्रिज उभाच न्यायचा, दारं टेपने बंद. फ्रंट लोडर वॉशिंग मशीनला ट्रान्झिट बोल्ट लावायचे, नाहीतर आतला ड्रम हलून मशीन खराब होतं. टीव्ही आणि आरसे कधीच आडवे ठेवायचे नाहीत. ट्रकमध्ये जड सामान पुढे केबिनकडे, ब्लँकेट आधी आणि रॅचेट स्ट्रॅप (आवळायचा पट्टा) नंतर, कारण स्ट्रॅप नुसत्या लाकडावर आवळला तर वळ उठतो आणि भरपाईवरून वाद होतो. साउथबँक, डॉकलँड्सच्या टॉवरमध्ये लिफ्ट आणि लोडिंग डॉक बुक केलाय का ते आदल्या दिवशी ऑफिसला विचारा, नाहीतर तुम्ही खाली उभे आणि गिऱ्हाइकाचं मीटर चालू.

स्टील कॅपचे बूट पहिल्या दिवसापासून घाला. पाठ वाकवून नाही, गुडघ्यातून उचला, आणि न झेपणारं असेल तर ट्रॉली नाहीतर तिसरा माणूस मागा, ह्यात कमीपणा काही नाही. लागलं तर त्याच दिवशी लेखी कळवा, व्हिक्टोरियात ३० दिवसांच्या आत कळवावं लागतं, आणि वर्ककव्हर (कामावर इजा झाल्यास मिळणारा विमा) कॅज्युअल कामगारालाही असतं. नोकरी जाईल या भीतीने दुखणं लपवणारी मुलं मी पाहिलीत, नंतर सहा-सहा महिने घरी बसली.

पुढे ड्रायव्हर व्हायचं असेल तर साध्या कार लायसन्सवर ४.५ टनापर्यंतचा ट्रक चालतो, त्याहून मोठ्यासाठी एलआर (लाइट रिजिड) किंवा एमआर (मीडियम रिजिड) लायसन्स काढावं लागतं. पैसे वाढतात, पण जबाबदारीही. साउथ मेलबर्नचा मॉन्टेग्यू स्ट्रीटचा पूल फक्त ३ मीटर उंच आहे, त्याला ट्रक आदळल्याच्या बातम्या सारख्या येतात, आणि फोनवरचा मॅप तुम्हाला बिनधास्त तिकडूनच नेईल. ट्रकची उंची केबिनमध्ये लिहिलेली नसेल तर डेपोतून निघण्याआधी विचारून घ्या.